ग्राहक ‘आपत्कालीन योजना’ मागतोय. साठ पानांचा नमुना भरून देऊ का?

तुम्ही विचारलंय की चाळीस माणसांच्या कारखान्याकडे मोठ्या ग्राहकाने आपत्कालीन योजना मागितली आहे, सल्लागाराने साठ पानांचा तयार नमुना दिलाय. तो भरून द्यावा की खरंच काही करावं लागतं?

नुसता भरून दिलात तरी बहुतेक ऑडिट निभावेल. आमचंही निभावलं होतं. कोल्हापुरात कास्टिंगचं (ओतीव भागांचं) मशिनिंग करणाऱ्या एका शॉपचं प्लॅनिंग आणि डिस्पॅच मी बघतो, माणसं साधारण तुमच्याएवढीच. आमच्या फायलीत आग, भूकंप, पूर, संप, सगळी प्रकरणं होती. पुराच्या पानावर एकच ओळ: ‘कारखाना नदीपासून दूर व उंचावर असल्याने धोका नाही.’ ऑडिटरने टिक केली आणि पुढे गेला.

ती ओळ खोटी नव्हती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या शॉपमध्ये थेंबभर पाणी आलं नाही. पण पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि जवळपास आठवडाभर बंद राहिला. निम्मे ऑपरेटर शिरोळ आणि करवीर तालुक्यांतल्या गावांतले. कोणी जनावरं माळावर नेत होतं, कोणी घरच्यांना घेऊन छावणीत. पंपांवर डिझेल मिळेना. शहराला पाणी देणारे उपसा पंपच बुडाले, त्यामुळे चहूकडे पाणी आणि नळ कोरडे. आमची मशीनं ठणठणीत, काम बंद. पॅक झालेले ब्रॅकेटचे क्रेट गेटपाशी आणि पुण्याजवळच्या चाकणहून ग्राहकाचा दर दोन तासांनी फोन. शेवटी माल नाही म्हणून तिकडची उत्पादनाची लाइन थांबली आणि ते नुकसान आमच्या बिलातून कापणारी डेबिट नोट आमच्या नावाने आली.

तेव्हापासून आम्ही संकटांची यादी करणं सोडलं, त्याऐवजी काय नसेल तर अडेल हे विचारतो. रस्ता नसेल तर? माणसं येणार नसतील तर? वीज नसेल तर? हिशेबाचा, टॅलीचा कॉम्प्युटर गेला तर? कास्टिंग ओतून देणारा एकुलता फाउंड्रीवाला बंद पडला तर? पूर असो, संप असो की कोरोना, अडतं ते यातल्याच कशानं तरी. प्रत्येक प्रश्नाला अर्धं पान पुरतं.

आमचं सगळ्यात मोठं दुखणं रस्ता. त्यावर तोडगा म्हणून आता जुलै-ऑगस्टमध्ये सात दिवसांचा तयार माल चाकणजवळ एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोदामात ठेवतो. ऐकायला सोपं, पण मालकांना पटवायला एक अख्खा उन्हाळा गेला, कारण भाडंही जातं आणि पैसाही अडकतो. शिवाय ते गोदाम जीएसटी नोंदणीत अतिरिक्त व्यवसायस्थळ म्हणून दाखवावं लागलं आणि तिथल्या मालाचा विमा काढावा लागला. जुलै २०२१ मध्ये महामार्ग पुन्हा काही दिवस बंद झाला, तेव्हा चाकणचा पुरवठा त्या गोदामातून चालला. यंदा भाडं वाढलंय, पण त्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

दुसरी गोष्ट, ‘परिस्थिती गंभीर झाल्यास’ असं योजनेत लिहू नका. गंभीर झाली हे ठरवायचं कोणी? इथे पावसाळ्यात सगळं गाव पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतं. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१, दोन्ही महापुरांत पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. पण ३९ फूट बऱ्याच पावसाळ्यांत ओलांडले जातात, त्यामुळे २०१९ मध्ये त्या आकड्याला कोणी हललं नाही. ‘बघू उद्या’ म्हणता म्हणता गाडी निघायची ती राहिली. आता कागदावर आहे: ३५ फुटांना कच्चा माल मागवून ठेवायचा, ३९ ला जेवढा माल तयार असेल तेवढा पाठवायचा, गाडी अर्धी भरली तरी. ३९ चा निर्णय माझा, मी नसेन तर स्टोअरकीपरचा. मालकांना विचारायचं नाही, फक्त कळवायचं. तुमच्या गावात असा आकडा नसेल तर दुसरी खूण शोधा: वीज गेल्याला किती तास झाले, पाळीला किती माणसं कमी आली, असं काहीही मोजता येणारं.

वाहन उद्योगाला माल देत असाल तर त्या उद्योगाचं गुणवत्ता मानक आयएटीएफ १६९४९ च्या ६.१.२.३ कलमात या योजनेची वेळोवेळी चाचणी मागितली आहे. बरेच जण हजेरीपटावर सह्या घेऊन मोकळे होतात. आम्ही एका शनिवारी दुपारी न सांगता मेन स्विच पाडला. जनरेटरची बॅटरी उतरलेली निघाली. नवी जोडली, तर किल्ली ज्याच्याकडे तो मेंटेनन्सवाला गावच्या जत्रेला, फोन बंद. त्याच्या घरचा नंबर ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये, आणि कॉम्प्युटरला वीज नाही. फोरमन तिथेच पायरीवर बसून हसायला लागला. कामगारांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या नंबरांचा छापील कागद गेटवर आला तो त्या दिवसापासून.

डेटाचं थोडक्यात. आमचा बॅकअप रोज पेन ड्राइव्हवर व्हायचा आणि पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात राहायचा. आता एक प्रत अकाउंटंटच्या घरी आणि एक क्लाउडवर जाते. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनांचे प्रोग्रामही त्यात घ्या, लोक फक्त हिशेबच जपतात.

विम्याबद्दल मात्र एजंटला नीट खोदून विचारा. नफ्याच्या नुकसानीची पॉलिसी साधारणपणे तेव्हाच लागू होते जेव्हा विमा असलेल्या जागेत प्रत्यक्ष नुकसान झालेलं असतं. रस्ता बंद म्हणून कारखाना थांबला, तर त्यासाठी वेगळं वाढीव संरक्षण घेतलेलं असावं लागतं. आणि रक्कम कमी लावू नका. एक कोटीच्या मालाला साठ लाखांचा विमा असेल आणि दहा लाखांचा माल भिजला, तर सरासरीच्या अटीने सहाच लाख हातात येतात. हे दोन्ही प्रश्न नूतनीकरणाच्या आधी विचारा आणि उत्तर ईमेलवर लेखी घ्या.