वाचकांचे प्रश्न : एवढा घोडा झाला, तरी...

या वेळी तीन पत्रं जवळपास एकाच विषयावर आली, म्हणून एकत्रच घेतेय.

प्रश्न : माझा मुलगा २७ पूर्ण. मेकॅनिकल इंजिनियर झाला, वर्षभर चाकणला कंपनीत होता, मग नोकरी सोडून पुण्यात एमपीएससी करतोय, चौथं वर्ष चालू आहे. दोनदा प्रिलिम निघाली, मेन्सला थोडक्यात राहिला. कॉट बेसिसचं भाडं, मेस, अभ्यासिका मिळून महिन्याला १२ हजार आम्ही पाठवतो. सासरे म्हणतात एवढा घोडा झाला, आम्ही या वयात दोन पोरांचे बाप होतो. माझंही लग्न १९ व्या वर्षी झालं. भाची म्हणते पोरं मोठी कधी होतात यावर परदेशात मोठमोठं संशोधन चालतं. खरंय का? आणि आमच्या पोराचं काय चुकतंय?
— एक आई, तासगाव

उत्तर : ताई, भाची बरोबर सांगतेय. अमेरिकेत मॅकआर्थर फाउंडेशनच्या पैशावर फ्रँक फर्स्टेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने वेगवेगळ्या विषयांची माणसं या एकाच प्रश्नावर कामाला लावली होती. सगळे विषय एकत्र का, तर मानसशास्त्रवाला कारण पोराच्या मनात शोधणार, अर्थशास्त्रवाला नोकऱ्यांच्या बाजारात आणि लोकसंख्यावाला लग्नाच्या वयात, आणि तुमच्या घरात बघा, हे तिन्ही त्या दर महिन्याच्या १२ हजाराच्या गुगल पे मध्येच गोळा झालंय.

त्यांनी पाच पायऱ्या धरल्या. शिक्षण संपणं, घर सोडणं, स्वतःची कमाई, लग्न, मूल. १९६० साली अमेरिकेत तिशीपर्यंत या पाचही चढलेल्या बायका ७७ टक्के होत्या आणि पुरुष ६५ टक्के. २००० साली तेच आकडे ४६ आणि ३१ वर आले. म्हणजे सासऱ्यांचं वाक्य तिकडचे आजोबाही म्हणत असणार! पण त्या आजोबांच्या वेळी शाळा संपली की कारखान्यात काम मिळायचं आणि तेवढ्यावर घर चालायचं, हे ते सांगायला विसरतात. युरोपात तर देशादेशात फरक आहे, २०२२ मध्ये आईबापाचं घर सोडायचं सरासरी वय फिनलंडमध्ये साधारण २१ आणि क्रोएशियात ३३. आता क्रोएशियाची पोरं आळशी आणि फिनलंडची कामसू असं थोडंच आहे, फिनलंडमध्ये शिकणाऱ्या पोरांच्या खर्चाला आणि भाड्याला सरकार हातभार लावतं हो.

जेफ्री आर्नेट नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी २००० साली १८ ते २५ या वयाला इमर्जिंग अॅडल्टहूड असं वेगळं नाव दिलं, म्हणजे पोर नाही पण पुरता बाप्याही नाही असं मधलं वय. त्यांनी तरुणांनाच विचारलं की तुमच्या मते मोठं कशाने होतं, तर लग्न, घर वगैरे खाली राहिलं आणि वर तीन गोष्टी आल्या : जबाबदारी घेणं, आपले निर्णय आपण घेणं आणि आपला खर्च आपण भागवणं. तिसऱ्या पेपरात तुमचा मुलगा आज नापास आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण पहिल्या दोनांचं काय? मागच्या वर्षी मी भाच्याच्या अभ्यासिकेत डोकावले होते. दीड हात रुंदीचा खण, समोर प्लायवूडची फळी, त्यावर कलमांचा तक्ता चिकटवलेला आणि त्याच्याच खाली पेन्सिलीने : बाबांचं ऊसबिल, लाइटबिलाची तारीख, आईच्या बीपीच्या गोळ्या १५ तारखेला मागवणे. घरी सगळे त्याला अजून पोरच समजतात. तुमच्याकडची लाइटबिलं कोण भरतं ते एकदा आठवून बघा.

उलट बाजूने विचारते, रागावू नका. १९ व्या वर्षी लग्न झालं म्हणून तुम्ही मोठ्या झालात का? पायरी चढलात, पण तेव्हा पुढे शिकायचं की नाही, हे कुणी ठरवलं? माझ्या आईला विचारलं होतं मी हे, ती म्हणाली साडीचा रंगसुद्धा सासूबाईंनी ठरवला.

आर्नेटवर टीकाही खूप झाली, आणि मला ती पटते. हे मधलं वय ज्याच्या घरून पैसे येतात त्यालाच परवडतं. क्रेग जेफ्री या भूगोलाच्या अभ्यासकाने मेरठच्या कॉलेजांत बऱ्यापैकी शेती असलेल्या घरच्या बेरोजगार मुलांमध्ये राहून अभ्यास केला, २०१० मध्ये तो छापून आला. ती मुलं डिग्रीवर डिग्री घेत होती आणि काय करताय विचारलं की हसून म्हणायची टाइमपास. त्या हसण्यामागे लाजही होती, आपण मागे पडलो ही. तेव्हा आळशी म्हणून त्याला टोचू नका, पण पैसे पाठवत राहून गप्पही बसू नका. अजून किती अटेम्प्ट आणि कुठल्या महिन्यापर्यंत हे तिघांनी बसून ठरवा, आजोबांना त्या बैठकीत घेऊ नका, आणि चाकणचा अनुभव दर वर्षी जुना होत चाललाय हा मुद्दा सगळ्यात आधी काढा.

प्रश्न : मेंदू २५ पर्यंत तयारच होत नाही अशी रील बघितली. मी २२ ची. मग करिअर, लग्न असले निर्णय २५ नंतरच घ्यावेत का?
— नाशिक

उत्तर : रीलने अर्धंच सांगितलं. अमेरिकेच्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत जे गीड यांनी १९९१ पासून त्याच त्याच मुलांचे पुन्हा पुन्हा एमआरआय काढले, त्यात दिसलं की आवर घालणारा, पुढचा विचार करणारा कपाळामागचा भाग उशिरा, विशीतही पिकत असतो. पण २५ व्या वाढदिवसाला आत कुठलंही बटण दाबलं जात नाही, हळूहळूची गोष्ट आहे आणि माणसागणिक वेगळी. लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या प्रयोगात पोरांना गेममध्ये गाडी चालवायला दिली तर मित्र शेजारी असले की ती जास्त धोका पत्करायची. तेव्हा लग्नाचा निर्णय २२ व्या वर्षी घे नाहीतर २८ व्या, फक्त ग्रुपवर आणि रात्री दोन वाजता घेऊ नकोस. बाकी कायद्याचं तरी कुठे एकमत आहे, मताला १८ (१९८९ पर्यंत २१ होतं), ग्रामपंचायतीला उभं राहायला २१, आमदारकीला २५.

प्रश्न : तुमच्या सदरात उशिरा मोठं होण्याची चर्चा बरीच असते. माझ्या वर्गातल्या नववीच्या मुली दिवाळीनंतर परत येत नाहीत. त्यांच्यावर कुणी संशोधन करतं का?
— शिक्षिका, बीड जिल्हा

उत्तर : मॅडम, टोला बसला, आणि रास्त बसला. करतात. ऑक्सफर्डच्या यंग लाइव्ह्ज अभ्यासात २००२ पासून चार देशांतली १२ हजार मुलं वाढताना बघितली जातायत, त्यात तेव्हाच्या आंध्र प्रदेशातली ३ हजार आहेत. तिथे शाळा लवकर सुटण्याचा आणि लग्न लवकर होण्याचा संबंध फार घट्ट दिसला. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्क्यांचं लग्न १८ च्या आत झालेलं होतं.

तुमच्या भागात कारण तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. ऊसतोडीला मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे एक माणूस नव्हे, नवराबायकोची जोडी. एकट्या पोराला अर्धा कोयता म्हणतात. तो पूर्ण करायला बायको लागते आणि फडावर निघायच्या आधी लागते. शिवाय मुलीला गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही भीती असतेच. म्हणून हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झालं की त्या मुलीला गावात राहायला जागा होते, आणि नोव्हेंबरात मंजुरी येऊन उपयोग नाही कारण टोळ्या तोवर गेलेल्या असतात. लग्नाची कुणकुण लागली तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, आणि गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला तोंडी सांगू नका, लेखी द्या आणि पोच घ्या. दसऱ्याच्या आधी द्या.