चहा मुक्याने, पैसा बोलून

प्रिय,

हाँगकाँगचा पुरवठादार ‘सम-त्सिउ’ म्हणाला, तूही मान डोलावलीस, आणि आपण कशाला हो म्हटलं तेच तुला कळेना, हे वाचून जीव खाली-वर झाला. ‘मनातलं कळलंय, बोलायला नको,’ एवढाच त्याचा अर्थ. तिकडे मित्राचे आभार मानायला गेलास की तोही हेच म्हणतो, तिथे ते शोभतं. चहा मुक्याने, पैसा बोलून. हे आधी डोक्यात पक्कं कर.

यमचाला, म्हणजे तिथल्या चहा-खाण्याला, बसलास की बघ, सगळं न बोलता चालतं. गरम चहाने वाट्या आणि चॉपस्टिक्स विसळून ते पाणी मोठ्या वाडग्यात ओतायचं. मग चहा वडीलधाऱ्यांपासून, स्वतःला शेवटी. पेल्याला कान नसतो, काठोकाठ भरलास तर समोरच्याची बोटं भाजतील. किटलीची तोटी कुणाकडे रोखलेली नको. तुला कुणी ओतलं तर तर्जनी आणि मधलं बोट वाकवून टेबलावर दोन-तीनदा टेकव. तोंडात घास असला तरी आभार पोचतात. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं ठेव. ते नीट लावून ठेवशील तर वेटर फिरकणार नाही, मग त्याला बोल लावू नकोस.

चिनी नववर्षाची लायसी, म्हणजे शुभेच्छांचं पैशांचं लाल पाकीट, तेही तसंच. विवाहितांनी अविवाहितांना, साहेबांनी हाताखालच्यांना, इमारतीच्या रखवालदारालाही. नोटा कोऱ्या, २० हाँगकाँग डॉलर चालतात, ४चा आकडा टाळायचा कारण त्यांच्या भाषेत उच्चार ‘मृत्यू’च्या जवळचा. दोन्ही हातांनी घ्यायची, देणाऱ्यासमोर फोडायची नाही.

पण पुरवठादाराने पाकीट पुढे केलं तर ती लायसी नव्हे रे! तिथला लाचविरोधी कायदा १९७१पासून लागू आहे, १९७४पासून आयसीएसी ही भ्रष्टाचारविरोधी यंत्रणा त्यावर नजर ठेवून आहे. मालकाच्या परवानगीवाचून कामाच्या मोबदल्यात फायदा घेणं हा गुन्हा, आणि ‘आमच्या धंद्यात अशीच रीत आहे’ हा बचाव कलम १९ने मुळातच बंद केलाय. मग मान कसली डोलावतोस? पैसा बोलून, लिहून!

मला लोक यावरून रूक्ष म्हणतात. म्हणोत. दर, मुदत, कमिशन यांत मी मौन चालवून घेत नाही, तूही घेऊ नकोस.

आजच त्याला ईमेल टाक: बोलणं काय झालं, दर किती, माल कधी, आणि याखेरीज काहीही ठरलेलं नाही. साहेबांना प्रत पाठव. त्याचं लेखी उत्तर येईपर्यंत ऑर्डरवर सही करू नकोस.