टाकीमागच्या कुंड्या

प्रिय मुली,

रविवारी माझी गच्चीवरची बाग पाहून उतरताना तू एकदम गप्प झालीस, तेव्हाच ओळखलं की लागण झाली. रात्री साडेअकराला यादी आलीच. गुलाब 4, मोगरा 2, लिंबू, बोगनवेल, स्ट्रॉबेरी, कोथिंबीर, आणि 12 इंची कुंड्या 15. खाली, "काकू, उद्याच नर्सरीत जाऊ का?"

उद्या नको जाऊस. रुसण्याआधी कारण ऐक.

तू बाग पाहिलीस ती मे महिन्यात. मेमध्ये मोगरा कोणाचाही फुलतो. फेब्रुवारीत आली असतीस तर तुला नुसता खराटा दिसला असता, कारण थंडी सरता सरता मी तो बिनदिक्कत छाटते. मोगऱ्याची फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे छाटायला जीव कचरला की उन्हाळ्यात वास विकतच घ्यावा लागतो. शिवाय तुम्ही सगळे येणार म्हणून शनिवारी संध्याकाळी मी 9 कुंड्या ओढत पाण्याच्या टाकीमागे नेल्या होत्या. वाळलेलं लिंबू, पिठ्या ढेकणाने पांढरी झालेली जास्वंद, आणि एक कुंडी, जिच्यात काय होतं ते मलाही आठवत नाही. पाहुण्यांसमोर कोण मांडतं ते!

मलाही ही लागण अशीच झाली होती. पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनचं जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन पाहून बाहेर पडले आणि त्याच संध्याकाळी वाटेतल्या एका नर्सरीतून 11 गुलाब उचलले. मेपर्यंत 10 गेले. अकरावा मात्र असा माजला की मी शेजारणींना बोलावून दाखवायचे. पुरुषभर उंच, हिरवागार, आणि वर्षभरात फूल एक नाही. शेवटी एका माळीकाकांनी खाली बसून खोड दाखवलं. कलमी गुलाबात रानगुलाबाच्या खोडावर चांगल्या जातीचा डोळा, म्हणजे सालीसकट काढलेला कोंब, बसवलेला असतो. डोळ्याच्या खालून येणारी फूट रानटी, ती दिसली की काढायची. मी ती खतपाणी घालून वाढवली होती आणि वरचा खरा गुलाब केव्हाच मेला होता. त्यामुळे तुझ्या यादीतले 4 गुलाब सध्या खोड.

आता तुझ्या गॅलरीबद्दल. तू लिहिलंस, "भरपूर ऊन येतं." येत असेल, पण गॅलरी उत्तरेला आहे ना? पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, सकाळ-संध्याकाळचं ऊनही उत्तरेकडून तिरकं शिरतं. म्हणून आत्ता तुझ्याकडे ऊन दिसतंय. दिवाळीपर्यंत ते गेलेलं असेल, आणि तुझा मोगरा नुसती पानं काढत बसेल. त्याला पाच-सहा तास थेट ऊन लागतं, लिंबालाही. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर, शेतकऱ्यांना स्वतः प्रयोग करायला लावणाऱ्या प्रयोग परिवाराचे, शेतीकडेच उन्हाच्या हिशेबातून बघायचे. कुंडीवाल्यांनी तर तो हिशेब आधी करावा. कुंडीत माती बदलता येते, खत घालता येतं, ऊन कुठून आणणार?

मग काय लावायचं? नर्सरीत न जाता मिळेल ते. पुदिन्याची जुडी आणलीस की पानं चटणीला काढ आणि जाड काड्या पाण्यात ठेव, आठ-दहा दिवसांत मुळं दिसतील. ओव्याच्या पानांची फांदी माझ्याकडून ने, ती खोचली की लागते, आणि तिची भजी होतात हे वेगळं सांगायला नको. अळूचा एक कंद देते. मनी प्लांट हवा तर घे, मला त्याचं विशेष कौतुक नाही. पाऊस सुरू झाला की फांद्या लावायला यासारखे दिवस नाहीत. कोथिंबीर गणपती झाल्यावर. धणे चपलेखाली हलके रगडून दोन फाका करायच्या आणि मग पेरायचे. आठ-दहा दिवस काही दिसणार नाही, तेव्हा माती उकरून बघायची नाही. (मी बघायचे.)

15 कुंड्यांचं म्हणशील, तर 12 इंची कुंडी ओल्या मातीसकट 20 किलोच्या आसपास भरते. भाड्याचं घर, जुनी इमारत, त्यात कठड्यावर कुंड्या? एकही नको. खाली जमिनीवर, भिंतीलगत. पाच लिटरचे तेलाचे डबे चालतात, बुडाला भोकं पाड आणि त्यांवर खापराचे तुकडे ठेव. खाली ताटल्या ठेवशीलच, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या आजी वर येतील. मात्र आठवड्यातून एकदा त्या ओतून, घासून कोरड्या कर. डेंग्यूच्या डासाला तेवढं पाणी पुरतं.

नव्या माणसाची झाडं तहानेने कमी मरतात, पाण्याने जास्त. ऑफिसातून आलं की प्रेमाने तांब्या ओतायचा, ही सवय लागते. आधी बोट मातीत दोन पेरं घाल. ओलं लागलं तर तांब्या परत ठेव.

येत्या रविवारी नऊच्या आत ये, ऊन चढायच्या आधी. जुनं वर्तमानपत्र आण, फांद्या ओल्या कागदात गुंडाळून देईन. आणि या वेळी आधी टाकीमागे जाऊ. ती जास्वंद अजून वाचेल असं मला वाटतंय, पण एकटीला ती कुंडी आता पुढे ओढवत नाही.

तुझी
काकू