न्यू ऑर्लिन्समध्ये स्टेक कुठे, मासे कुठे?

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनला राहतो. एप्रिलमध्ये तीन रात्रींसाठी न्यू ऑर्लिन्सला जाणार आहोत. मला आणि मुलाला स्टेक हवा आहे. सोबत सासू-सासरे असतील. ते मासे आवडीने खातात, पण बीफ आणि पोर्क दोन्ही वर्ज्य. सगळ्यांना एका टेबलावर जेवता येईल अशी जागा सुचवा.

उत्तर : तीनही रात्री एकच टेबल, हा हट्ट धरू नका. या शहरात स्टेकची जुनी घरं वेगळी आणि माशांची वेगळी. दोन्ही मनापासून करणाऱ्या जागा मोजक्या आहेत, त्यामुळे एक रात्र एकत्र जेवा आणि दुसऱ्या रात्री दोन गट करा.

एकत्र जेवणासाठी नेपोलियन अव्हेन्यूवरचं पास्कल्स मनाली बघा. ते 1913 पासूनचं आहे. सेंट चार्ल्सच्या ट्रामने नेपोलियनच्या थांब्यावर उतरून थोडं चालावं लागतं. तुम्हाला तिथे स्टेक मिळेल आणि सासू-सासऱ्यांना बार्बेक्यू श्रिंप. नावावर जाऊ नका, ही कोळंबी निखाऱ्यावर भाजलेली नसते. डोक्यासकट मोठी कोळंबी भरपूर लोणी, काळी मिरी आणि वूस्टरशायर सॉसमध्ये शिजवतात. हाताने सोलायची आणि खालचा रस पावाने टिपायचा. डोकं काढलेली कोळंबी मागू नका, कारण रसाला चव त्या डोक्यांमुळेच येते. टेबलं वेगळी पण शेजारीशेजारी चालणार असतील तर दुसरा पर्याय बर्बन स्ट्रीटवर आहे. 1905 पासूनचं गॅलटॉयर्स माशांसाठी, आणि त्याच्या शेजारीच त्यांचं 2013 मध्ये सुरू झालेलं गॅलटॉयर्स 33 स्टेकसाठी.

गट कराल तेव्हा तुम्ही दोघं ब्रॉड स्ट्रीटवरच्या क्रेसेंट सिटी स्टेक्समध्ये जा. 1934 पासून तिथे पातळ लोण्यात चुरचुरणारा स्टेक देतात. पडदे लावलेले छोटे कप्पे अजून आहेत. ड्रायड्स स्ट्रीटवरचं चार्लीज 1932 चं. तिथे छापील मेन्यू नसतो, काय काय आहे ते वेटर तोंडी सांगतो. या दोन्ही ठिकाणी बीफ न खाणाऱ्यांना फारसं काही मिळत नाही, म्हणून वडीलधाऱ्यांना तिथे उगाच बसवू नका.

आता वर्ज्य गोष्टींबद्दल, कारण फसगत इथेच होते. सीफूड गंबो या दाट रश्शात पुष्कळदा आंदुई, म्हणजे धुरी दिलेलं डुकराचं सॉसेज असतं. टर्टल सूपमध्ये बऱ्याचदा वासराचं मांस किंवा त्याचा रस्सा असतो. राजम्यासारखे दिसणारे रेड बीन्स सहसा हॅम घालून शिजवतात, आणि हिरव्या शेंगांत बेकन पडतं, दोन्ही डुकराचंच मांस. त्यामुळे ‘यात मांस आहे का’ एवढंच विचारून भागत नाही. मासळीचा पदार्थ म्हटला की वेटर सहज ‘नाही’ म्हणतो. सॉसेज, हॅम, बेकन, बीफचा रस्सा असं एकेक नाव घेऊन विचारा. बटाटे कशात तळतात तेही विचारा, कारण काही स्टेकहाउसांत ते बीफच्या चरबीत तळले जातात. खात्रीने खाता येईल असं म्हणजे लोण्यावर परतलेला किंवा ग्रिल केलेला स्पेकल्ड ट्राउट, ड्रम किंवा पाँपनो मासा. पाँपनो ऐकून पापलेट डोळ्यांसमोर येईल, पण मासा वेगळा आहे. मांस घट्ट, थोडं तेलकट आणि फार चवदार.

प्रश्न : स्टेक मीडियम सांगितला तरी शेवटचे घास कोरडे लागतात. चूक कुठे होते? (डॅलस)

उत्तर : ताटलीत. न्यू ऑर्लिन्सची पद्धत म्हणजे रणरणत्या ब्रॉयलरखालून (वरून आच देणाऱ्या भट्टीतून) काढलेला स्टेक तापलेल्या ताटलीत, वर वितळलेलं लोणी. रूथ्स क्रिस हे स्टेकहाउस याच शहरातलं. रूथ फर्टेल यांनी 1965 मध्ये ते विकत घेतलं. त्यांची ताटली 500 अंश फॅरनहाइट, म्हणजे 260 सेल्सियसला तापवलेली असते. टेबलावर आल्यावरही मांस शिजतच राहतं. म्हणून हवं त्याच्या एक पायरी खालचं सांगा: मीडियम हवा तर मीडियम रेअर. किंवा साधी, न तापवलेली ताटली मागा, देतात.

मीडियम रेअर म्हणजे आतून 54 ते 57 सेल्सियस, मीडियम 60 ते 63, आणि वेल डन 71 च्या वर. कापल्यावर दिसणारा लाल रस रक्त नसतो. मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनामुळे पाण्याला तो रंग येतो. तरीही पूर्ण शिजलेलाच हवा असेल तर फिले हा मऊ तुकडा घेऊ नका. त्यात चरबी जवळजवळ नसते, 71 अंशांवर तो भुशासारखा होतो. रिबआय घ्या, त्यातली चरबी वितळून मांस ओलं राहतं.

मेन्यूवरचं वजन कच्च्या मांसाचं असतं. 16 औंस म्हणजे 454 ग्रॅम, त्यातला साधारण पाव भाग शिजताना जातो आणि हाड असेल तर तेही त्यातच धरलेलं असतं. भाज्या आणि बटाटे वेगळे मागवावे लागतात. एक वाडगा दोघा-तिघांना पुरतो.

प्रश्न : कच्ची कालवं खावीत का? वडिलांना मधुमेह आहे. (पुणे)

उत्तर : वडिलांनी कच्ची अजिबात खाऊ नयेत. मेक्सिकोच्या आखाताच्या कोमट पाण्यातल्या कालवांत व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जिवाणू असू शकतो, आणि मधुमेह, यकृताचा आजार किंवा कमी प्रतिकारशक्ती असलेल्यांना त्याचा संसर्ग जिवावर बेतू शकतो. लिंबू, तिखट सॉस किंवा दारूने तो मरत नाही. मरतो फक्त शिजवल्याने.

सुदैवाने इथलं सगळ्यात रुचकर कालव शिजवलेलंच असतं. ड्रेगोजमध्ये 1993 पासून ती शिंपल्यासकट ज्वाळेवर ठेवतात, वर लोणी, लसूण आणि किसलेलं चीज. कडा वळलेल्या आणि रस उकळत असलेला दिसला पाहिजे. मधलं मांस थंड किंवा गिळगिळीत लागलं तर परत पाठवा. मॅगझिन स्ट्रीटवरचं कॅसामेंटोज (1919) तळलेल्या कालवांसाठी, जाड पावाच्या दोन कापांत. उन्हाळ्यात ते बंद असतं, जून ते ऑगस्टमध्ये जात असाल तर यादीतून काढा. निरोगी माणसाला कच्ची खायचीच असतील तर आयबरव्हिल स्ट्रीटवर अ‍ॅक्मी (1910) आणि समोरच फीलिक्स. एकीकडे रांग लांब असली तर दुसरीकडे जा.

प्रश्न : क्रॉफिश माणशी किती मागवावं? (ॲटलांटा)

उत्तर : नवख्याने 3 पौंड, सरावलेल्याने 5. आकडा मोठा वाटेल, पण खाण्याजोगं शेपटीचं मांस वजनाच्या 15 टक्क्यांच्या आसपास असतं. 3 पौंडांतून जेमतेम 200 ग्रॅम मिळतं. क्रॉफिश म्हणजे शेवंडाचं बोटभर रूप समजा. लुइझियानात, म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या राज्यात, भात कापून झालं की त्याच खाचरांत पाणी सोडून ते वाढवतात.

हंगाम साधारण जानेवारी-फेब्रुवारी ते जून. सुरुवातीला लहान आणि महाग, ईस्टरआधीच्या शुक्रवारांना मागणी फार. ईस्टर उलटल्यावर, एप्रिल-मेमध्ये, भरदार आणि स्वस्त. जूनमध्ये कवच टणक होतं. भाव रोज बदलतो, तेव्हा पौंडाचा दर आधी विचारा.

डोकं आणि शेपटी उलटसुलट पिळून वेगळी करा, शेपटीची पहिली दोन कडी सोला, टोक चिमटीत दाबून मांस ओढा. आच बंद केल्यावर ते तिखट-मीठाच्या पाण्यात मुरत ठेवतात. कमी मुरलेलं असेल तर तिखट सालीवरच राहतं आणि मांस अळणी लागतं. बटाटे आणि मक्याची कणसं त्याच पातेल्यात असतात आणि बहुधा सॉसेजही, म्हणून पोर्क न खाणाऱ्यांनी आधीच विचारावं. हात धुण्याआधी डोळ्यांना लावू नका.

प्रश्न : मेन्यूवरची कोळंबी तिथलीच असते का? (नागपूर)

उत्तर : नेहमी नाही. मात्र बाहेरच्या देशातली कोळंबी किंवा क्रॉफिश असेल तर तसं मेन्यूवर लिहिणं लुइझियानात कायद्याने बंधनकारक आहे. बारीक अक्षरातल्या तळटिपाही वाचा.

प्रश्न : पुरुषांना कोट लागतोच का? (बंगळूर)

उत्तर : गॅलटॉयर्समध्ये संध्याकाळी 5 नंतर आणि रविवारी दिवसभर लागतो. कमांडर्स पॅलेसमध्ये अर्धी चड्डी चालत नाही. कालवांच्या आणि क्रॉफिशच्या जागी साधे कपडे बरे, लोण्याचे डाग सहज जात नाहीत. बिलावर सुमारे 10 टक्के कर लागतो, शिवाय 18 ते 20 टक्के टिप धरा. मोठ्या गटाच्या बिलात ती आधीच जोडलेली असते, दोनदा देऊ नका.