समभाग किती, ठेवी किती, सोनं किती? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळच्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे: हातातले पैसे कोणत्या प्रकारात किती टक्के ठेवायचे? 'कोणता फंड घेऊ' हा प्रश्न त्यानंतरचा, आणि आमच्या मते त्याहून बराच कमी महत्त्वाचा. उत्तरांतले व्याजदर आणि कर २०२५ सालचे आहेत. अल्पबचतीचे दर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं, त्यामुळे पैसे भरण्याआधी चालू दर पाहून घ्यावा.

प्रश्न : वय ३४, ठाण्यात खासगी नोकरी. मूळ वेतन ५० हजार, घरखर्च महिना ६५ हजार. सात म्युच्युअल फंडांत मिळून दरमहा ३५ हजारांची एसआयपी चालू आहे, आजवर ११ लाख जमलेत. '१०० वजा वय' या हिशोबाने ६६ टक्के शेअर बाजारात असावेत म्हणतात. माझे तर सगळेच पैसे बाजारात आहेत. धोका जास्त होतोय का? ता. क. ईपीएफमध्ये ९ लाख, पीपीएफमध्ये ४ लाख आणि एफडीत ६ लाख आहेत, पण ते वेगळे.

उत्तर : ते वेगळे नाहीत. तुम्ही ता. क.मध्ये टाकलेले १९ लाख हे रोख्यांसारखे, म्हणजे ठरावीक व्याजाचे पैसे आहेत. सगळे मिळून ३० लाख होतात आणि त्यांत समभाग ११ लाख, म्हणजे जेमतेम ३७ टक्के. तुम्हाला वाटतंय त्याच्या नेमकं उलट चित्र आहे. नोकरदारांच्या पत्रांत ही गफलत नेहमी दिसते, कारण ईपीएफ पगारातून परस्पर कापला जातो आणि नजरेआड राहतो.

आता क्रमाने पाहू. आधी सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे सुमारे ४ लाख, एफडीतच ठेवा आणि टक्केवारीतून वगळा. उरले २६ लाख : समभाग ११, ठरावीक व्याजाचे १५. समभाग झाले ४२ टक्के.

'१०० वजा वय' हा ठोकताळा आहे. पैसे कधी लागणार हे त्याला माहीत नसतं. चार वर्षांनी घरासाठी पैसे भरायचे असतील तर तेवढी रक्कम, वय काहीही असो, समभागांत नको. २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारांवर होता, मार्च २००९ मध्ये तो ८ हजारांच्या आसपास आला. नोव्हेंबर २०१० मध्ये त्याने पुन्हा २१ हजारांना हात लावला, पण तिथे टिकला नाही. ती पातळी कायमची मागे पडायला २०१४ उजाडलं. म्हणून सात वर्षांच्या आत लागणारे पैसे आम्ही समभागांत धरत नाही. पाच वर्षं पुरेशी आहेत असं म्हणणारेही बरेच आहेत. आम्हाला ते धाडसाचं वाटतं.

तुम्ही निवृत्तीसाठी साठवत असाल तर ६५ टक्के ठीक आहे. पण हा आकडा आधी रुपयांत मांडून पाहा. २६ लाखांचे ६५ टक्के म्हणजे १७ लाख, ते निम्मे झाले तर साडेआठ लाख गेले. फंडाच्या स्टेटमेंटवर हे पाहून एसआयपी बंद करणार नाही असं वाटत असेल तरच ६५ धरा, नाहीतर ५० धरा. बाजार पडल्यावर बंद पडणाऱ्या ६५ टक्क्यांपेक्षा चालू राहणारे ५० टक्के कधीही चांगले.

तिथवर जाण्यासाठी काही मोडावं लागणार नाही. तुमच्या ईपीएफमध्ये दरमहा १०,७५० रुपये जातात : तुमचे ६ हजार आणि कंपनीच्या ६ हजारांतून पेन्शन योजनेचे १,२५० वजा जाता ४,७५०. एसआयपी ३५ हजार. म्हणजे नव्या पैशांतले ७६ टक्के समभागांतच जातायत. एफडीतले जास्तीचे २ लाख मुदत संपल्यावर फंडात वळवा आणि पीपीएफमध्ये वर्षाला किमान ५०० रुपये भरून खातं नुसतं चालू ठेवा. बाजाराची वाढ आणि ठेवींवरचं व्याज दोन्ही बाजूला ठेवून नुसत्या भरलेल्या पैशांचा हिशोब केला तर एका वर्षात समभाग सुमारे ५५ टक्के होतात, तीन वर्षांत ६०, पाच वर्षांत ६४. घाईने ईपीएफ काढायला जाऊ नका. २०२४-२५ मध्ये त्यावर ८.२५ टक्के व्याज होतं, आणि इतकं व्याज देणारी दुसरी सुरक्षित जागा नोकरदाराला सहसा सापडत नाही.

सात फंडांबद्दल. लार्ज कॅप (मोठ्या कंपन्यांच्या) आणि फ्लेक्सी कॅप (लहान-मोठ्या कुठल्याही कंपन्या घेणाऱ्या) योजनांच्या याद्या शेजारी ठेवून पाहा, वरची दहा नावं बरीचशी तीच निघतील. सेबीच्या नियमाने लार्ज कॅप फंडाला किमान ८० टक्के रक्कम बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्यांतच ठेवावी लागते, मग वेगळेपण येणार कुठून? एक निफ्टी ५० इंडेक्स फंड (निर्देशांकातल्याच कंपन्या त्याच प्रमाणात घेणारा) आणि एक निफ्टी नेक्स्ट ५० किंवा मिडकॅप १५० इंडेक्स फंड, ७०:३० या प्रमाणात, एवढं पुरे. दोन्ही डायरेक्ट प्लॅनमध्ये, म्हणजे मध्यस्थाशिवाय, घ्या. जुन्या योजनांची एसआयपी आजच थांबवा, पण युनिट्स एकदम विकू नका. वर्षावर ठेवलेल्या समभाग फंडांच्या नफ्यावर १.२५ लाखांपर्यंत कर नाही, पुढे १२.५ टक्के आहे. थोडे मार्चमध्ये आणि थोडे एप्रिलमध्ये विकले तर दोन आर्थिक वर्षांची सूट मिळते. एसआयपीचा प्रत्येक हप्ता ही स्वतंत्र खरेदी असते, हेही लक्षात असू द्या. वर्ष न झालेल्या हप्त्यांवर २० टक्के कर आणि बहुधा १ टक्का एक्झिट लोड (लवकर विकल्याचं शुल्क) लागतो.

प्रश्न : मी इस्लामपूरचा निवृत्त शिक्षक, वय ६१. पेन्शन ३२ हजार, खर्च ४५ हजार. जवळ ५५ लाख आहेत, पैकी ४० लाख एकाच पतसंस्थेत साडेनऊ टक्क्यांनी. मुलगा म्हणतो, 'पैसे काढून घ्या, पण या वयात शेअर बाजार नको.' काय करावं?

उत्तर : गुरुजी, मुलाचं पहिलं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. बँकेतल्या ठेवींना डीआयसीजीसीचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा कंपनीचा, विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवींना तो नसतो. सहकारी बँकेतही एका ठेवीदाराला सगळ्या शाखा आणि मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच संरक्षण आहे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला खात्यातून फक्त १ हजार रुपये काढता येत होते. साडेनऊ टक्क्यांतला वरचा दीड-दोन टक्का हा या जोखमीचा मोबदला आहे, संस्थेचा मोठेपणा नव्हे. ज्या पावत्यांची मुदत आधी संपते त्या आधी काढा आणि 'आपोआप नूतनीकरण नको' असं आजच लेखी देऊन पोच घ्या. लांब मुदतीच्या पावत्यांवर थोडं व्याज सोडावं लागलं तरी सोडा.

पहिले ३० लाख पोस्टाच्या किंवा बँकेच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. ही तिथली कमाल मर्यादा आहे. ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० रुपये हातात येतील, म्हणजे महिना २०,५००. तुमची तूट १३ हजारांची आहे. ती आज सहज भरून निघते आणि वर साडेसात हजार उरतात. मुदत पाच वर्षं, नंतर तीन-तीन वर्षांनी वाढवता येते.

मुलाचं दुसरं म्हणणं मात्र तपासून पाहू. महागाई ६ टक्के धरा. पेन्शनही महागाई भत्त्याने त्याच गतीने वाढते असं धरा. तरी १३ हजारांची तूट आठव्या वर्षाच्या सुमारास २०,७०० होते आणि बाराव्या वर्षी २६ हजार. मुदतवाढीतही दर तोच राहिला तर ज्येष्ठ योजनेचं व्याज २०,५०० वरच थांबलेलं असेल. म्हणजे अडचण साधारण तुमच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर सुरू होईल. त्या दिवसासाठीचे पैसे आठ वर्षं हातही न लावता ठेवता येतात, म्हणून तेवढे समभागांत चालतात.

उरलेल्या २५ लाखांची वाटणी अशी करा : ६ लाख आजारपणासाठी दोन वेगळ्या बँकांत एफडीत, ५ लाख एक, दोन, तीन वर्षांच्या मुदतींत विभागून, आणि १४ लाख निफ्टी ५० इंडेक्स फंडात. ५५ लाखांत १४ म्हणजे २५ टक्के. ते निम्मे झाले तरी एकूण पुंजीतले १३ टक्के जातील आणि घरखर्चाला धक्का लागणार नाही. हे १४ लाख एकदम नकोत. आधी लिक्विड फंडात (अगदी कमी मुदतीच्या रोख्यांच्या फंडात) ठेवून दरमहा १ लाख एसटीपीने, म्हणजे एका फंडातून दुसऱ्यात हप्त्याहप्त्याने, वळवा. पूर्ण रकमेवर जास्त परतावा एकरकमीनेच मिळण्याची शक्यता अधिक असते, हे खरं. पण पहिल्याच वर्षी बाजार पडला तर तुमच्या घरात हा विषय कायमचा बंद होईल, म्हणून हप्ते.

प्रश्न : जळगावात राहते. घरात ३५ तोळे सोनं आहे, त्यातली ५ तोळ्यांची वळी-नाणी, बाकी दागिने. सोनं १० टक्के असावं म्हणतात. माझं तर कितीतरी जास्त झालं ना?

उत्तर : अडीनडीलाही जे तुम्ही मोडणार नाही ते गुंतवणुकीत धरू नका. मंगळसूत्र, पाटल्या, मुलीसाठी ठेवलेला हार यांचा भाव रोज पाहून उपयोग काय? ५ तोळे तेवढे धरा.

आणखी घ्यायचं असेल तर दागिना नको. घडणावळ जाते ती जातेच, सोन्यावर ३ टक्के जीएसटी जातो आणि मोडताना घट कापली जाते. डीमॅट खातं असेल तर गोल्ड ईटीएफ (बाजारात शेअरसारखा घेता-विकता येणारा सोन्याचा फंड) घ्या, नसेल तर गोल्ड फंड. सरकारी सुवर्णरोख्यांची नवी विक्री फेब्रुवारी २०२४ नंतर झालेली नाही.

सोनं ठेवायचं ते समभागांबरोबर पडत नाही म्हणून. २००८ मध्ये बाजार कोसळला तेव्हा रुपयातलं सोनं वर गेलं होतं. पण २०१२ ला तोळा ३०-३१ हजारांच्या आसपास होता आणि २०१८ लाही तिथेच, मधली सहा वर्षं व्याज नाही, लाभांश नाही. सोनं लाखापार गेल्यावर ही सहा वर्षं कुणी आठवत नाही. ५ ते १० टक्क्यांच्या वर आम्ही जाणार नाही, आणि भाववाढीने वाटा १५ वर गेला असेल तर नवी खरेदी थांबवा.

प्रश्न : नाशिकहून. ६०:३०:१० असं समभाग, रोखे आणि सोनं ठरवलंय. दर महिन्याला प्रमाण बिघडतं. किती वेळा सारखं करायचं?

उत्तर : वर्षातून एकदा, तारीख ठरवून. मध्ये फक्त एखादा भाग ठरलेल्या टक्क्यापासून ५ अंकांनी सरकला तरच. ५० लाखांवर सुरुवात केली (३०, १५, ५) आणि ते ३९, १६, ६ झाले, तर समभाग ६४ टक्के आहेत. काही करू नका. पुढच्या काही महिन्यांची बचत रोख्यांत टाका, विक्री नाही म्हणून करही नाही.

खरी परीक्षा पडझडीत आहे. समभाग ३० चे १८ झाले, रोखे १६ आणि सोनं साडेपाच, तर एकूण साडेएकोणचाळीस लाखांत समभाग ४६ टक्केच उरतात. ६० ला आणायला ५.७ लाखांचे समभाग घ्यावे लागतील : रोख्यांतून सव्वाचार लाखांच्या जरा आत, बाकी सोन्यातून. इथे एक अडचण येते आणि ती आधी कुणी सांगत नाही. तुमचे रोख्यांतले सगळे पैसे ईपीएफ-पीपीएफमध्ये असतील तर ते त्या दिवशी निघतच नाहीत. म्हणून त्या भागातला निदान तिसरा हिस्सा लिक्विड किंवा शॉर्ट ड्युरेशन फंडात मोकळा ठेवा. लांब मुदतीचे गिल्ट फंड, म्हणजे सरकारी रोख्यांचे फंड, या कामाला नकोत. ड्युरेशन (व्याजदर बदलला की किंमत किती हलते याचं माप) ८ वर्षं असलेल्या फंडाची किंमत व्याजदर १ टक्क्याने चढला की साधारण ८ टक्के उतरते. आणि एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडांचा (रोख्यांच्या फंडांचा) नफा, कितीही वर्षं ठेवले तरी, तुमच्या उत्पन्नात मिळवून स्लॅबनेच करपात्र होतो.

प्रश्न : न्यू जर्सीत नोकरी करतो, अमेरिकेत करदाता आहे. पुण्यातले म्युच्युअल फंड वाढवावेत का?

उत्तर : वाढवू नका. भारतातले म्युच्युअल फंड अमेरिकी कर खात्याच्या लेखी 'पीएफआयसी', म्हणजे परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपनी, ठरतात. सहसा प्रत्येक फंडासाठी दरवर्षी ८६२१ क्रमांकाचा वेगळा फॉर्म भरावा लागतो आणि कराचा हिशोब जाचक असतो. भारताचा वाटा हवा असेल तर अमेरिकेत सूचिबद्ध असलेला भारतीय समभागांचा ईटीएफ घ्या. वाटा किती, हे निवृत्ती कुठे काढणार यावर ठरवा : खर्च डॉलरमध्ये होणार असेल तर रुपयातली पुंजी १०-१५ टक्क्यांच्या वर नको, पुण्याला परतणं पक्कं असेल तर निम्म्यापर्यंत चालेल. पुण्यातला फ्लॅट असेल तर तोही या रुपयाच्या वाट्यातच धरा. जुनं पीपीएफ खातं मुदत संपेपर्यंत चालवता येतं, पण पुढे वाढवता येत नाही. एनआरई ठेवींचं (अनिवासी भारतीयांच्या, परदेशातून आलेल्या पैशांच्या ठेवींचं) व्याज भारतात करमुक्त असलं तरी अमेरिकेच्या विवरणपत्रात दाखवावंच लागतं.