द्राक्षप्रदेशातील एखाद्या कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या चालवलेल्या हॉटेलाचा इतिहास सांगता येईल का?

फ्रान्समधील अल्झास या वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या प्रदेशात, इल नदीच्या काठी वसलेल्या इलहॉयझर्न गावातील 'ओबेर्ज द लिल' हे याचे उत्तम उदाहरण आहे. हेबरलिन कुटुंबाने एकोणिसाव्या शतकात, अल्झास जर्मनीच्या ताब्यात असताना, 'हिरवे झाड' अशा अर्थाच्या नावाने येथे साधी खाणावळ चालवली. नदीतले मासे हे तिचे वैशिष्ट्य होते. दुसऱ्या महायुद्धात ती उद्ध्वस्त झाली. माझ्या मते या इतिहासाचा खरा गाभा त्यानंतरच्या पुनर्बांधणीत आहे, कारण १९५० च्या सुमारास पॉल आणि जाँ-पिएर या भावांनी नव्या नावाने पुन्हा सुरुवात केली, पॉल यांनी स्वयंपाकघर आणि चित्रकार असलेल्या जाँ-पिएर यांनी पाहुण्यांची व्यवस्था सांभाळली, आणि १९६७ मध्ये या गावातल्या खाणावळीला उपाहारगृहांना तारे देऊन त्यांचा दर्जा ठरवणाऱ्या मिशलँ मार्गदर्शिकेचा तिसरा, म्हणजे सर्वोच्च, तारा मिळाला. तो अर्धशतकाहून अधिक काळ टिकला आणि २०१९ मध्ये गेला. मुक्कामाची सोय मात्र बरीच उशिरा झाली: शेजारचे 'ओतेल दे बेर्ज' त्या भागातील तंबाखू वाळवण्याच्या जुन्या कोठारांच्या धर्तीवर उभारले गेले. पॉल यांचे पुत्र मार्क यांनी पुढे स्वयंपाकघराची धुरा घेतली.