टोरंटोच्या खिडकीतले लिंबू

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई टोरंटोला असतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी तिथल्या रोपवाटिकेतून ‘मेयर’ जातीचे कुंडीतले लिंबाचे झाड आणले. बाल्कनीत ते छान वाढले, त्याला चार लिंबेही धरली. ऑक्टोबरच्या मध्यावर कुंडी घरात घेऊन मोठ्या काचेच्या खिडकीशी फरशीवर ठेवली आणि डिसेंबरात पाने गळू लागली. पाने वाळलेली नसतात. हिरवीच असतात आणि नुसता हात लागला तरी पडतात. पार्ल्याच्या आमच्या बाल्कनीतल्या कागदी लिंबाला मी रोज पाणी घालते, म्हणून तिलाही तसेच सांगितले. पण पानगळ वाढतच गेली आणि आता निम्मे झाड उघडे पडले आहे. ते वाचेल का? एप्रिलमध्ये मी तिकडे जाणार आहे, तेव्हा इथले कागदी लिंबाचे कलम सोबत नेले तर चालेल का?
— एक वाचक, विलेपार्ले (पूर्व)

उत्तर : झाड बहुधा वाचेल, पण रोजचे पाणी आजच थांबवायला सांगा. मुलीला एखाद्या उघड्या फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहू द्या. आत हिरवा, ओलसर थर दिसला तर ती फांदी जिवंत आहे आणि तिला पुन्हा पालवी फुटू शकते.

तुमचा सल्ला मायेचा होता आणि मुंबईच्या हवेत तो बऱ्याच अंशी योग्यही आहे. तुमच्या शेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेतला नीचांक ७.४ अंश सेल्सिअस आहे, आणि तोही २२ जानेवारी १९६२ चा. आपल्याकडे कुंडीतली माती एरवी कधी गार पडत नाही, मुळे बारा महिने काम करतात आणि घातलेले पाणी पितात. लिंबूवर्गीय झाडांची मुळे मात्र माती साधारण १३ अंशांच्या खाली गेली की जवळजवळ थांबतात. टोरंटोच्या घरात हवा २१ अंश असली तरी काचेलगतच्या फरशीवर ठेवलेल्या कुंडीतली माती त्याहून पुष्कळ गार असते. वर काचेतून येणारे ऊन आणि हीटरची कोरडी हवा पानांतले पाणी ओढून घेत राहते, खाली गारठलेली मुळे ते भरून देऊ शकत नाहीत, आणि मग झाड स्वतःचा जीव वाचवण्यासाठी पाने टाकून देते. झाड तहानलेले असते, पण त्याला पिता येत नाही. अशा वेळी आपण आणखी पाणी घातले की ते गार मातीत तसेच साचून राहते आणि मुळे कुजू लागतात. तुमच्या मुलीच्या झाडाच्या बाबतीत मला खरी काळजी याच गोष्टीची वाटते.

म्हणून पहिले काम मुळांना ऊब देण्याचे. कुंडी फरशीवरून उचलून लाकडी स्टुलावर किंवा थर्माकोलच्या जाड तुकड्यावर ठेवावी, काचेपासून हातभर आत घ्यावी, मात्र हीटरच्या थेट झोतात ठेवू नये. रोपांच्या कुंडीखाली घालायची विजेची उबदार चटई तिकडे मिळते, तीही उपयोगी पडेल. मातीत बोट दोन पेरांपर्यंत खुपसून पाहावे. तिथेही कोरडे लागले तरच खोलीच्या तापमानाचे पाणी तळातून निथळेपर्यंत घालावे आणि खालच्या ताटलीत साचलेले ओतून टाकावे. हिवाळ्यात ही वेळ आठवड्याने येईल किंवा दहा दिवसांनीही येईल. वार ठरवून पाणी घालू नये, बोटावर विश्वास ठेवावा.

दुसरी उणीव उजेडाची. डिसेंबरात आपल्याकडे दिवस सुमारे ११ तासांचा असतो, टोरंटोला जेमतेम ९ तासांचा आणि तोही बहुधा ढगाळ. रोपांसाठीचा एलईडी दिवा झाडाच्या वर टांगून रोज बारा तास लावला तर फरक दिसेल. ज्यांच्या घरी उजेडाची पण गार खोली असते, त्यांनी झाड १० अंशांच्या आसपास ठेवून अगदी थोडे पाणी द्यावे, म्हणजे ते निजून राहते. व्हर्सायच्या राजवाड्यात १६८४ ते १६८६ या काळात याच हेतूने दगडी ‘ओरांजरी’ बांधली गेली आणि आजही तिथली लाकडी पेट्यांतली झाडे हिवाळ्यात आत नेतात. आपल्या विदर्भातले संत्रा बागायतदार आंबिया बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्यासाठी, झाडाला पाणी तोडून ताण देतात, त्यात डिसेंबरच्या थंडीचाच हातभार असतो. थंडीतली विश्रांती या झाडाला मानवते. त्याला सोसत नाही ते पाने उन्हात आणि मुळे गारठ्यात असणे.

झाड अशक्त असताना खत देऊ नये आणि छाटणीही करू नये. झाडावरची पिवळी पडू लागलेली लिंबे काढून घ्यावीत आणि हिरवी छोटी असतील तर मन घट्ट करून तीही तोडावीत, कारण निम्म्या पानांवर फळे पोसणे झाडाला जड जाते. उरलेल्या पानांच्या मागच्या बाजूने बोट फिरवून पाहावे. चिकट लागले आणि शिरेलगत नखाने उचकटणारे तपकिरी टिपके दिसले तर ती खवले कीड आहे. ती ओल्या कापडाने पुसून काढून निंबोळी तेलाची फवारणी करावी. बारीक जाळी दिसली तर लाल कोळी समजावा आणि झाडाला कोमट पाण्याने आंघोळ घालावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी पालवी आली की नत्राबरोबर लोह, जस्त आणि मंगल (मँगनीज) असलेले लिंबूवर्गीय झाडांचे खत सुरू करावे. कलमाच्या जोडाच्या खालून तीन-तीन पर्णिकांचा काटेरी फुटवा आला तर तो खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधले त्या खालच्या झाडाचा असतो, तो लगेच काढावा.

टोरंटोचे बागप्रेमी मेच्या उत्तरार्धातल्या व्हिक्टोरिया डेच्या सुटीपर्यंत नाजूक झाडे बाहेर काढत नाहीत, तुमच्या मुलीनेही घाई करू नये. बाहेर नेल्यावर पहिले आठ-दहा दिवस सावलीत ठेवावे, नाहीतर घरात वाढलेली पाने उन्हाने करपतात. रात्री १० अंशांवर येऊ लागल्या, म्हणजे साधारण सप्टेंबर संपता संपता, कुंडी आत घ्यावी. ऑक्टोबरचा मध्य उशीराच झाला.

कलम नेण्याचा विचार मात्र सोडून द्या. कॅनडात परदेशातून माती नेता येत नाही आणि रोपांना आयात परवाना व वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. हे नियम जाचक वाटले तरी त्यामागे कारण आहे. लिंबूवर्गीय बागा उद्ध्वस्त करणारा ‘ग्रीनिंग’ रोग सिला नावाच्या किडीमुळे पसरतो, ती कीड आपल्याकडे आहे, आणि फ्लोरिडात २००५ मध्ये आढळलेल्या या रोगाने तिथला संत्रा व्यवसाय पार खिळखिळा केला. शिवाय कागदी लिंबू थंडीला फार हळवे. अमेरिकी कृषी खात्यासाठी रोपे गोळा करणाऱ्या फ्रँक मेयर यांनी १९०८ मध्ये चीनमधून आणलेले लिंबू त्या मानाने पुष्कळ काटक आहे, त्यामुळे मुलीची निवड योग्यच आहे. त्याचा रस कागदीपेक्षा सौम्य असतो, वरणभातावर थोडा जास्त पिळावा लागेल. एप्रिलमध्ये पोहोचलात की कुंडी आडवी करून मुळे पाहा. ती पांढरट आणि टणक असतील तर दोन इंच मोठ्या कुंडीत, भरपूर पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे) घातलेल्या, निचऱ्याच्या मातीत झाड हलवा, आणि तपकिरी, लिबलिबीत मुळे दिसली तर तेवढी कापून त्याच आकाराच्या कुंडीत पुन्हा लावा.